निकाल एका दिवसाचा, घुसमट वर्षभराची : आपल्या लेकरांच्या मनातलं आपल्याला का कळत नाही?

विश्लेषण | बीड ग्रामीण

दहावी-बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. दीड वाजेपर्यंत गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे, हार आणि टक्केवारी सुरू होते. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, कुठल्या तरी तालुक्यातून ती एक बातमी येते. मथळा ठरलेला असतो : 'नापास झाल्याने विद्यार्थ्याने जीवन संपविले'. लोक वाचतात, हळहळतात, 'आजकालच्या पोरांत दमच राहिला नाही' असं म्हणतात आणि पुढची बातमी उघडतात.

हा मथळा बहुतेक वेळा अर्धवट असतो. त्यात आम्हा बातमीदारांचाही दोष आहे. पोलिसांच्या नोंदीत एक कारण लिहिलेलं असतं, ते उचलायचं आणि बातमी सोडायची, असं वर्षानुवर्षं चाललंय. त्यामुळे गावागावात एक समज पक्का झाला की हा प्रश्न परीक्षेचा आहे. परीक्षा संपली, निकाल लागला, पोरगं पास झालं, की आपल्या घरात आता धोका नाही.

आकडे वेगळं सांगतात.

(हे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात 'आता जगू नये' असे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. जीवाला लगेच धोका असेल तर ११२.)

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, २०२१ च्या अहवालात देशातल्या अठरा वर्षांखालील १० हजार ७३२ मुलामुलींच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात 'परीक्षेत अपयश' हे कारण लिहिलेली प्रकरणं होती ८६४. म्हणजे साधारण बारातलं एक. कारणांच्या यादीत सगळ्यात वर 'कौटुंबिक अडचणी' आहेत. म्हणजे प्रश्न शाळेच्या फाटकापेक्षा आपल्या उंबऱ्याच्या आत जास्त आहे. ऐकायला हे कडू वाटतं. निकालाला दोष देणं सोपं जातं, कारण निकाल बोर्डाचा असतो.

महाराष्ट्राचं चित्र तर आणखी काळजीचं. त्याच वर्षी देशात १३ हजार ८९ विद्यार्थ्यांनी जीव गमावला आणि त्यातले १ हजार ८३४ आपल्या राज्यातले होते. देशात पहिला नंबर. २०२२ मध्ये राज्यातला आकडा १ हजार ७६४ झाला, तरी नंबर पहिलाच राहिला. विद्यार्थ्यांत कॉलेजची मोठी मुलंही येतात, त्यामुळे हा आकडा आणि वरचा अठराखालचा आकडा एकमेकांत मिसळू नयेत.

आता, एनसीआरबीचा आकडासुद्धा एकच कारण लिहून घेतो. पंचनाम्याच्या वेळी घरचे जे सांगतील ते. प्रत्यक्षात असं एका कारणाने क्वचितच होतं. मनावर ओझं वर्ष-दोन वर्षं साचत आलेलं असतं आणि शेवटची एखादी गोष्ट, कमी पडलेले मार्क, मोबाईल काढून घेणं, चारचौघांत मारलेली थोबाडीत, फक्त निमित्त होते. गावाला निमित्त दिसतं. साचलेलं दिसत नाही. म्हणून 'एवढ्याशा कारणावरून कसं काय?' हा प्रश्न दर वेळी पडतो.

मग काय साचतं?

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर सुरुवात ऊसतोडीपासूनच करावी लागेल. दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, गेवराई सगळीकडे तेच. आईबाप कारखान्याच्या फडावर जातात, लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सकाळी भाकरी थापते, धाकट्याला शाळेत लावते, म्हातारीचं औषधपाणी बघते आणि मग स्वतः शाळेत जाते. पाच-सहा महिने तिला 'बाई, तुझं काय चाललंय?' असं विचारणारं माणूस घरात नसतं. हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे दोन वेळच्या जेवणाची सोय होते. मनात काय चाललंय याची सोय कुठल्या योजनेत बसत नाही.

त्याच मुलीच्या डोक्यावर दुसरं एक ओझं असतं. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोराचं लग्न लावलं की घरात एक कोयता वाढतो. पोरगी एकटी मागे ठेवायची तर भीती वाटते, म्हणून तिचंही उरकायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. म्हणजे पाचातली एक. आता विचार करा, नववीतल्या पोरीला दिवाळीत कळतं की तुळशीच्या लग्नानंतर तिचा नंबर आहे. ती कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर आई म्हणते, माझं तुझ्यापेक्षा लहानपणी झालं. ती गप्प होते. मोठी माणसं समजतात, पोरगी समजूतदार आहे.

दुसरं ओझं कर्जाचं आणि दारूचं. ही दोन्ही बापाची प्रकरणं समजली जातात, पण त्याची झळ पोरांना सगळ्यात आधी बसते. बँकेची नोटीस आली, सोयाबीन पडेल भावाने गेलं, सोसायटीचा माणूस दारात आला, हे सगळं पोरगं ओट्यावर बसून ऐकत असतं. रात्री बाप पिऊन आला की आईला मार बसतो, तेही ते बघतं. त्याच्या डोक्यात हळूहळू एक हिशेब तयार होतो : माझी फी, माझी खोली, माझी मेस, हे सगळं नसतं तर घरावर एवढं कर्ज नसतं. 'मी ओझं आहे' हा विचार फार धोक्याचा. मानसोपचार करणारे डॉक्टर या एका वाक्यावर कान टवकारतात. आपल्या घरांत मात्र हेच वाक्य उलट बाजूने सर्रास बोललं जातं : 'तुझ्यापायी जमीन गहाण टाकली.' बाप रागात बोलून जातो आणि विसरतो. पोरगं विसरत नाही.

ज्या घरात आधीच कुणी आत्महत्या केलेली आहे, बाप, चुलता, मोठा भाऊ, त्या घरातल्या मुलांना धोका जास्त असतो. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं येत आहेत. पात्र-अपात्रचे प्रस्ताव होतात, मदत मिळते किंवा मिळत नाही. त्या घरातलं बारा-तेरा वर्षांचं पोर पुढे कसं वाढतं, याची फाईल कुठल्याच तहसीलमध्ये नसते.

डॉक्टर बनवायचंय

अंबाजोगाई, परळी, केज भागातली पोरं दहावी झाली की लातूरला जातात. लातूर पॅटर्नने खरोखर अनेक गरीब घरं वर काढलीत, त्यात दुमत नाही. पण गणित बघा. २०२४ मध्ये नीटसाठी देशात २४ लाखांवर मुलांनी नोंदणी केली. एमबीबीएसच्या सरकारी आणि खासगी मिळून जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीस-बावीस पोरांमागे एक जागा, आणि फी झेपेल अशा सरकारी जागा त्याच्याही निम्म्या. बाकीची वीस पोरं नालायक नसतात. जागाच नाहीत. हे गावाकडे कुणी सांगत नाही. पारावर फक्त लागलेल्या एका पोराचा बॅनर दिसतो.

एकटी खोली, सतरा वर्षांचं वय, दर आठवड्याला टेस्टचे मार्क पालकांच्या मोबाईलवर. गावाकडून फोन येतो तो दोनच प्रश्नांसाठी : जेवलास का, आणि किती पडले. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही की रिपीट. रिपीटच्या वर्षात पोरगं गावी यायचं टाळायला लागतं, सणालासुद्धा. 'अभ्यास आहे' असं सांगतं. खरं कारण लाज असते. पोरगं दिवाळीला येत नाही म्हणजे फार मन लावून अभ्यास करतंय, असं समजू नका. आपण जाऊन या.

दहावीत नापास होण्याचंही आपण उगाच मोठं करून ठेवलंय. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते, वर्ष वाया जात नाही. निकालाच्या आदल्या रात्रीच घरात हे बोलून टाकलं, की 'राहिला एखादा तर पुरवणीला बसू', तर अर्धं ओझं तिथेच उतरतं. निकालानंतर सांगण्यात तेवढा अर्थ राहत नाही.

मोबाईलचं खरं आणि खोटं

सगळा दोष मोबाईलवर ढकलायची आता फॅशन झालीय. मोबाईलने प्रत्येक पोराचं डोकं फिरतं असं नाही. पण तीन गोष्टी खऱ्या आहेत. रात्री दोनपर्यंत जागणं आणि त्यातून मोडलेली झोप. झोप मोडली की मन मोडायला वेळ लागत नाही. दुसरी, पैशाचे ऑनलाइन गेम. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तरी चोरवाटा आहेत, आणि बापाच्या फोन-पेमधून गेलेले वीस हजार कसे सांगायचे या भीतीने पोरं गळपटतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. फोटो किंवा व्हिडिओ दाखवून धमकावणं. ओळखीतल्या नाहीतर अनोळखी माणसाने फोटो मिळवायचा आणि 'गावात व्हायरल करीन' म्हणून पैसे किंवा दुसरं काही मागायचं. मुलींच्या बाबतीत हे होतं हे आपल्याला माहीत आहे. मुलांच्या बाबतीतही होतं, ते कुणी बोलत नाही. यात अडकलेल्या लेकराला वाटतं की आता सगळे रस्ते बंद झाले. बंद झालेले नसतात. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा नंबर आहे. लेकरू अठराच्या आत असेल तर पोक्सो लागतो आणि गुन्हेगार तो धमकावणारा ठरतो. पण पोलिसांपर्यंत जायला आधी घरात सांगावं लागतं, आणि घरात सांगितलं तर पहिला मार आपल्यालाच बसेल, याची त्या लेकराला खात्री असते. ही खात्री त्याला आपणच दिलेली आहे.

प्रेमप्रकरणाचंही असंच. एनसीआरबीच्या यादीत अठराखालच्या मुलांच्या मोठ्या कारणांत हे येतं. जात आडवी आली की प्रकरण घराचं राहत नाही, भावकीचं होतं. पंधरा-सोळाच्या पोरांना बैठकीत उभं करून जाब विचारला जातो, पोरीची शाळा दुसऱ्या दिवसापासून बंद. या वयात मेंदूचा, भावना आवरणारा आणि पुढचा विचार करणारा भाग अजून पूर्ण तयार झालेला नसतो. तो विशीनंतर कुठे पक्का होतो. त्यामुळे आजची बेइज्जती या पोरांना जन्माची वाटते. मोठ्या माणसाला ठाऊक असतं की चार महिन्यांनी गाव विसरतं. पोरांना ते ठाऊक नसतं.

अंगावर दिसणारी लक्षणं

जेवण कमी होणं, झोप उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, क्रिकेट-कबड्डी सोडणं, दोस्तांना टाळणं, एकदम चिडचिड. पोटात दुखतं, डोकं दुखतं म्हणून सतत दवाखान्यात न्यावं लागणं आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येणं. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं. स्टेटसला सारखं मरणाचं, निरोपाचं काहीतरी ठेवणं. 'मी नसलो तर बरं होईल' असं हसत हसत बोलणं. बरेच दिवस उदास असलेलं लेकरू अचानक एकदम शांत, मोकळं झालं तर घरच्यांना बरं वाटतं. तिथेही सावध राहावं.

आणि आधी एकदा तसा प्रयत्न झालेला असेल, तर तो सगळ्यात मोठा इशारा. आपल्याकडे नेमका हाच लपवला जातो. 'चुकून झालं' असं दवाखान्यात सांगायचं, दोन दिवसांत घरी आणायचं आणि परत विषय काढायचा नाही. पोलीस केसची भीती असते. म्हणून हे नीट समजून घ्या : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जाईल, जबाब घेतील, पण त्यासाठी लेकराला शिक्षा होत नाही. तेव्हा डॉक्टरला खरं सांगा. घरी आणल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक असतात. त्या दिवसांत एकटं सोडू नये, आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे दाखवायचं टाळू नये.

घरात शेतीची औषधं, आजोबांच्या गोळ्या उघड्यावर असतील तर कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. हे लहान पोरांसाठी आपण करतो, पंधरा-सोळाच्यांसाठी करत नाही. तो विचार बहुतेकांच्या मनात लाटेसारखा येतो आणि ओसरतो. लाट ओसरेपर्यंतचा वेळ मिळाला की जीव वाचतो.

बोलायचं कसं

'विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं होईल' ही भीती गावोगाव आहे. ती खरी नाही. सरळ विचारल्याने असा विचार रुजत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. उलट लेकरू सुटका झाल्यासारखं बोलायला लागतं. शेतातून येताना, गाडीवर, जनावरांना वैरण टाकताना, समोरासमोर न बसता विचारलं तर जास्त सोपं जातं. 'आठ दिवस झाले तू नीट जेवत नाहीस. काय झालंय? मी रागावणार नाही.' थोडं थांबायचं. मग, 'जगूच नये असं काही मनात येतं का रे?' उत्तर हो आलं तर रडारड, शपथा, कुलदैवताची आण, यातलं काही नको. 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणायचं आणि जवळ बसायचं. बापाला जमत नसेल तर मामाने, आत्याने, शाळेतल्या एखाद्या सरांनी विचारावं. लेकराला घाबरल्याशिवाय बोलता येईल असं एक मोठं माणूस लागतं. एक पुरतं.

देवऋषाकडे नेणाऱ्यांना आम्ही हसणार नाही. दवाखाना लांब असतो आणि देवऋषी गावात असतो. पण अंगारा लावायचा असेल तर लावा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या. उदासीनता हा आजार आहे आणि औषधाने, समुपदेशनाने बरा होतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चार. तुमच्या गावच्या हायस्कूलमध्ये असे किती वर्ग आहेत ते मोजून बघा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो, अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची केंद्रंही आहेत. कुठे जायचं कळत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा, नाहीतर १०४ वर फोन करा. लहान वयात लग्न ठरवलं जात असेल तर १०९८ वर सांगता येतं, सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

शाळांचं काय? सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शाळा, कॉलेज, क्लासेस आणि वसतिगृहांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी कायमची जोडणी ठेवावी. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. वर्गात, वसतिगृहात टेली-मानसचा नंबर ठळक लावावा. मार्कांवरून तुकड्या पाडू नयेत आणि पोरांना चारचौघांत अपमानित करू नये, असंही त्यात आहे.

समुपदेशक आपल्या तालुक्यातल्या शाळेत कधी येईल, हे आज कुणी सांगू शकत नाही. जिथे गणिताला शिक्षक नाही तिथे समुपदेशकाची जागा भरायला वेळ लागणार, आणि त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेऊन पंचायत समितीकडे पाठपुरावा करावा लागेल. नंबर लावायला मात्र निधी लागत नाही. पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा फळ्याच्या वर, सुविचाराच्या शेजारी, १४४१६ लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर हेडमास्तरांकडून खडू मागून घ्या.